छायाचित्रातील जोखीम आणि वस्तीतील बाई

१

दलित साहित्याच्या चळवळीने मराठी समीक्षेला एक सवय लावली. मजकूर कोणताही असो, तो कुणी लिहिला, कुणाविषयी लिहिला आणि कुणाला वगळून लिहिला, हे प्रश्न आधी विचारायचे. आपण हे प्रश्न पुराणांना विचारले, संतवाङ्मयाला विचारले, पांढरपेशा कथा-कादंबऱ्यांना विचारले. विज्ञानाच्या मजकुराला मात्र ते आपण क्वचितच विचारतो. विज्ञान आपल्या बाजूचे आहे, अंधश्रद्धेच्या विरोधातले आहे, अशी आपली धारणा आहे आणि ती योग्यच आहे. परंतु जे आपल्या बाजूचे आहे त्याची चिकित्सा करू नये, असे कुणी सांगितले?

प्रस्तुत लेखात मी अशाच एका मजकुराचे वाचन करणार आहे. स्तनाच्या क्ष-किरण चित्रावरून, म्हणजे मॅमोग्राफीवरून, एखाद्या स्त्रीला पुढील काही वर्षांत कर्करोग होण्याची शक्यता किती आहे, हे सांगणारे शास्त्र गेल्या पन्नास वर्षांत उभे राहिले आहे. आज रोग आहे की नाही एवढे सांगून हे चित्र थांबत नाही. रोग नसलेल्या बाईचे उद्याचे ते सांगू पाहते.

साहित्य आणि समाजचिंतनाच्या त्रैमासिकात हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. त्याला माझे उत्तर असे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या. त्याच वर्षी अमेरिकेत नव्या रुग्ण स्त्रिया सुमारे २ लाख ७४ हजार होत्या आणि मृत्यू सुमारे ४३ हजार. तिकडे सहा रुग्णांमागे एक मृत्यू, आपल्याकडे दोघींमागे एक. रोग तोच आहे. रोग कळण्याच्या आणि उपचार मिळण्याच्या व्यवस्थेत हा फरक आहे, आणि व्यवस्थेची चिकित्सा हे आपले काम आहे. दुसरे म्हणजे, हे शास्त्र भाकिताचे आहे. भाकीत सांगणाऱ्यांशी आपले वैर जुने आहे. म्हणून हे भाकीत कोणत्या जातीचे, ते नीट पाहिले पाहिजे.

२

आधी हे चित्र काय सांगते ते समजून घेऊ. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरतात आणि कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी त्याचे चित्र घेतात. चरबी या चित्रात काळपट दिसते. दुधाच्या ग्रंथी आणि तंतुमय भाग पांढरा दिसतो. गाठही पांढरीच दिसते. ज्या स्तनात ग्रंथी आणि तंतूंचा भाग जास्त, त्याला 'दाट' स्तन म्हणतात. त्यात गाठ शोधणे म्हणजे पिंजलेल्या कापसात पांढरा दोरा शोधणे. हा दाटपणा हाताला कळत नाही, तो चित्रातच दिसतो.

१९७६ साली जॉन वुल्फ या अमेरिकन डॉक्टरांनी अशा चित्रांचे चार प्रकार पाडले आणि सांगितले की, ज्यांचे स्तन अधिक दाट त्यांना पुढे रोग होण्याचे प्रमाणही अधिक आहे. दाटपणा गाठ लपवतो एवढेच नव्हे, तो स्वतःच जोखमीची खूण आहे, असा त्यांचा दावा होता. त्यावर बरीच वर्षे वाद झाला. २००७ साली कॅनडातील नॉर्मन बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, ज्यांच्या स्तनाचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग दाट आहे, त्यांना रोग होण्याची शक्यता जवळजवळ मुळीच दाटपणा नसलेल्या स्त्रियांच्या मानाने पावणेपाच पट आहे. आज अहवालात दाटपणाचे ए, बी, सी, डी असे चार वर्ग लिहितात ते या परंपरेतूनच आले.

पुढची पायरी संगणकाची. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत रेजिना बार्झिले आणि ॲडम याला यांनी 'मिराई' नावाची प्रणाली तयार केली. ती दाटपणा मोजून थांबत नाही. हजारो जुनी चित्रे आणि त्या स्त्रियांचे पुढे काय झाले याच्या नोंदी ताडून, माणसाच्या डोळ्याला न दिसणाऱ्या खुणांवरून पाच वर्षांपर्यंतचा अंदाज सांगते. बार्झिले यांना स्वतःला २०१४ साली स्तनाचा कर्करोग झाला आणि त्या अनुभवातून त्या या कामाकडे वळल्या. स्वानुभवातून ज्ञान निर्माण होते, हे आपण साहित्यात मानतो; येथे ते प्रयोगशाळेत घडले. २०२५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चित्रावरून पाच वर्षांची जोखीम सांगणाऱ्या 'क्लॅरिटी ब्रेस्ट' या प्रणालीला मंजुरी दिली.

हे सारे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जोखीम म्हणजे निदान नव्हे. १९८९ साली मिचेल गेल यांनी वय, पाळी, बाळंतपण, आई-बहिणींचा इतिहास अशा माहितीवरून जे गणित मांडले, त्यानुसार अमेरिकेत पाच वर्षांत १.६७ टक्के शक्यता असली की ती स्त्री 'अधिक जोखमीची' ठरते. म्हणजे तिच्यासारख्या शंभर स्त्रियांपैकी एकीला किंवा दोघींना रोग होईल. अठ्ठ्याण्णव जणींना होणार नाही. हा आकडा तिच्या कपाळावर लिहिलेला नसतो. तो तिच्यासारख्या अनेकींच्या नोंदींतून काढलेला असतो. त्यामुळे 'तिच्यासारख्या' म्हणजे कोण, हा प्रश्न कळीचा ठरतो.

३

गेल यांचे मूळ गणित अमेरिकेतील गोऱ्या स्त्रियांच्या माहितीवर उभे होते. २००७ साली काळ्या स्त्रियांसाठी वेगळे गणित मांडले गेले, तेव्हा आढळले की जुने गणित त्यांची जोखीम कमी दाखवत होते. आजही तिथे काळ्या स्त्रियांत या रोगाचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी, पण मृत्यूचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी जास्त आहे. १९७२ साली दलित पँथरने ज्यांचे नाव घेतले त्या समाजाची ही कथा आहे, म्हणून आपण ती जवळून वाचली पाहिजे.

मिराईच्या कर्त्यांनी ही चूक टाळण्याचा प्रयत्न केला. त्यांनी आपली प्रणाली अमेरिका, इस्रायल, स्वीडन, तैवान आणि ब्राझील या पाच देशांतील सात रुग्णालयांच्या चित्रांवर पारखली. पारख प्रामाणिक होती आणि प्रणाली तिला उतरली. पण त्या यादीत भारत नाही. भारतातील रुग्ण स्त्रियांचे सरासरी वय पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांपेक्षा साधारण दहा वर्षांनी कमी असते, आणि कमी वयात स्तन अधिक दाट असतात. ज्या चित्रांवर यंत्र शिकले ती चित्रे आणि ज्या बाईपुढे ते उद्या उभे राहील ती बाई, यांत असे अंतर आहे.

हे अंतर भरून काढायला आपली चित्रे हवीत. ती आहेत कुठे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ मधील पाचव्या फेरीनुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी स्तनाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया ०.९ टक्के होत्या. यात साधी हाताने केलेली तपासणीही धरलेली आहे. शंभरात एकही पुरती भरत नाही. आणि जी भरते ती कोणत्या घरातली असेल, हे ओळखायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. यंत्र कुणाला मुद्दाम वगळत नाही. ज्यांची चित्रे काढली गेली त्यांच्याकडून ते शिकते, आणि चित्रे ज्यांना परवडली त्यांची निघाली. पूर्वी शाळेच्या हजेरीपटात आपली नावे नव्हती. पुढे त्याच हजेरीपटावरून आपल्यात बुद्धी नाही असे सांगितले गेले. तसलाच हा प्रकार आहे.

मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ साली सुरू झाली. तिने धर्मनिहाय आकडे दिले, म्हणून पारशी स्त्रियांत या रोगाचे प्रमाण सर्वांत जास्त आहे हे कळले आणि त्या समाजाला सावध होता आले. जातनिहाय आकडे मात्र आपल्याकडील कर्करोगाच्या अहवालांत छापले जात नाहीत. जात रक्तात असते म्हणून मी हे आकडे मागत नाही. जातीला वंशाचा आधार नाही, हे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात १९३६ सालीच सांगितले आहे. परंतु गाठ लागल्यापासून डॉक्टरच्या दारात पोहोचेपर्यंत किती महिने जातात, हे मात्र जात, मजुरी आणि वस्ती ठरवते. ते मोजलेच नाही तर ते नाही असे म्हणणे सोपे जाते.

४

आपल्या बाया विज्ञानाच्या नोंदीत कधी आल्याच नाहीत, असेही नाही. एकदा त्या फार मोठ्या संख्येने आल्या. यंत्राच्या चित्राशिवाय, केवळ हाताने तपासून मृत्यू टळतील का, हा प्रश्न परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. सर्व स्त्रियांची मॅमोग्राफी करणे गरीब देशाला झेपणार नाही, ही त्यामागची भूमिका होती. १९९८ साली मुंबईतील २० विभाग निवडले गेले. त्या बहुतांशी झोपडपट्ट्या होत्या. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया त्यात होत्या. दहा विभागांतील ७५ हजार ३६० स्त्रियांना दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने तपासले. उरलेल्या दहा विभागांतील ७६ हजार १७८ स्त्रियांना एकदा कर्करोगाविषयी माहिती दिली आणि पुढे दर दोन वर्षांनी त्यांची केवळ विचारपूस व नोंद झाली.

वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तपासलेल्या गटात रोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के, न तपासलेल्या गटात ४७ टक्के. मृत्यूंत एकूण १५ टक्के घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरती उतरली नाही. पन्नाशी आणि त्यापुढील स्त्रियांत मात्र ही घट सुमारे ३० टक्के होती; पन्नाशीच्या आतील स्त्रियांत ठळक फरक दिसला नाही. वयानुसार केलेली ही विभागणी नंतरची आहे, हे संशोधकांनी स्वतःच नमूद केले आहे.

या संशोधनाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. तज्ज्ञ डॉक्टर आणि लाखो रुपयांचे यंत्र नसतानाही, साध्या प्रशिक्षित सेविकेच्या हाताने रोग लवकर सापडतो, हे जगाला आपल्या वस्त्यांनी दाखवले. या ज्ञानाचे मोल मोठे आहे. पण दुसऱ्या बाजूला ७६ हजार बाया आहेत, ज्यांना हात लावला गेला नाही. याच वस्त्यांत समांतर चाललेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीवर असाच आक्षेप २०१४ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये जाहीरपणे घेतला गेला. अशा चाचण्यांच्या समर्थनाचा मुख्य मुद्दा असा असतो की, भारतात तेव्हा कुणालाच अशी तपासणी दिली जात नव्हती. म्हणजे न तपासणे हीच चालू रीत होती. हा युक्तिवाद नीट वाचावा. ज्या वंचनेविरुद्ध लढायचे तीच येथे मोजपट्टी झाली. ही रीत कुणी पाडली आणि कुणासाठी पाडली, हा प्रश्न त्या वाक्यात बसत नाही.

संशोधकांच्या हेतूविषयी मला शंका नाही. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. २०१६ साली केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी करण्याची मार्गदर्शिका काढली. त्यानंतरच्या सर्वेक्षणात आकडा निघाला तो वर सांगितलेला, ०.९ टक्के. ज्या वस्त्यांच्या देहावर हे ज्ञान उभे राहिले, त्यांच्यापर्यंत ते परत आले नाही. उद्या चित्रावरून जोखीम सांगणाऱ्या यंत्राला भारतीय चित्रे लागतील आणि ती गोळा करायला गाड्या आपल्याच वस्त्यांत येतील. तेव्हा हा इतिहास आपल्याला पाठ असला पाहिजे.

५

ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत स्टेशनच्या रस्त्याने चालत गेले तर तपासणी केंद्रांच्या पाट्या मोजता येत नाहीत. महिला दिन आला की सवलतीची पॅकेजे लागतात. त्याच रस्त्याने पहाटे कल्याण पूर्वेच्या वस्त्यांतून बाया डोंबिवलीच्या सोसायट्यांत धुणीभांडी आणि पोळ्या करायला जातात. उल्हासनगरकडच्या बाया कपड्यांचे धागे कापण्याचे काम नगावर घरी आणतात. एक खाडा म्हणजे एका घराचे बोलणे आणि एका दिवसाचे पैसे. परळला जायचे तर लोकलने तासापेक्षा जास्त, रांगेत सकाळ, कागदांत दुपार. महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेतून कर्करोगाचे उपचार होतात, ही मोठीच गोष्ट आहे. पण ती योजना रोग झाल्यानंतरची आहे. रोगाच्या आधीचे खाडे तिच्यात भरून मिळत नाहीत.

मी कल्याणच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. माझ्यासारख्या प्राध्यापिकेकडे विद्यार्थी केवळ कविता समजून घ्यायला येत नाहीत. जात पडताळणीचे अर्ज, बँकेची पत्रे, दवाखान्याचे कागद घेऊन येतात. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने आमच्या भागात मॅमोग्राफीची गाडी आणली होती. त्यानंतर एक विद्यार्थिनी आपल्या आईला घेऊन आली. हातात इंग्रजी अहवाल. त्यावर 'हेटेरोजिनियसली डेन्स' असे लिहिलेले आणि शेवटी 'बायरॅड्स झिरो'. आई म्हणाली, "म्याडम, झिरो आलाय. म्हंजी काय नाय ना?"

या वर्गवारीत शून्याचा अर्थ 'काही नाही' असा नसतो. चित्रावरून सांगता येत नाही, आणखी तपासणी हवी, असा त्याचा अर्थ असतो. ज्याला काही नाही असे म्हणायचे तो आकडा एक. त्या बाईने मात्र तिला आयुष्याने शिकवलेल्या गणिताने शून्य वाचले होते, आणि त्यात तिचा दोष कोणता? गाडी तोवर पुढच्या वस्तीत गेली होती. कागदावरच्या फोनवर कुणी बोलेना. पुढची सोनोग्राफी व्हायला चार महिने लागले. आधी मुलीची परीक्षा, मग एका घरी पाहुणे, मग गावाकडे मयत. शेवटी पाण्याची साधी गाठ निघाली. निकाल चांगला लागला म्हणून ते चार महिने माफ होत नाहीत. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर त्याच चार महिन्यांत टप्पा बदलला असता.

समीक्षेच्या भाषेत सांगायचे तर, त्या मजकुराचा अभिप्रेत वाचक डॉक्टर होता. ज्या देहाविषयी तो लिहिला ती बाई त्याची वाचक नव्हती. ती केवळ विषय होती. आपल्या लोकांविषयी शतकानुशतके असेच लिहिले गेले. अमेरिकेत १० सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक स्त्रीला तिचे स्तन दाट आहेत की नाहीत आणि त्याचा अर्थ काय, हे साध्या भाषेत लेखी कळवणे बंधनकारक झाले आहे. आपल्याकडे अशी सक्ती नाही.

आता दुसरे उदाहरण पाहा. नेदरलँडमध्ये ५० ते ७५ वयाच्या, अतिशय दाट स्तन असलेल्या ४० हजार ३७३ स्त्रियांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. चित्राने जोखीम सांगितली तेव्हा एका गटाला पुढची तपासणी म्हणून एमआरआय देऊ केला गेला. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उद्भवणारे कर्करोग त्या गटात हजारी ५ वरून २.५ वर आले. तिथे भाकितानंतर व्यवस्थेने पाऊल उचलले. आमच्याकडे भाकीत झाले आणि गाडी निघून गेली. यंत्र दोन्हीकडे एकाच जातीचे होते.

६

या ठिकाणी आपल्या साहित्याकडेही वळले पाहिजे, कारण दोष सगळा बाहेरचाच नाही. दलित कवितेत आईचा स्तन येतो तो आटलेल्या दुधासाठी, किंवा अत्याचाराची साक्ष म्हणून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु गाठ आलेला स्तन, यंत्राच्या पट्टीत दाबलेला स्तन, शस्त्रक्रियेनंतरची सपाट छाती आपल्या लेखनात जवळजवळ नाही. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये बाळंतिणीची उपासमार आणि वेदना आहे. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'ने बाईच्या देहाविषयी मोकळेपणाने बोलण्याचे धाडस केले. त्या वाटेने पुढे जायला हवे होते. आपल्या बऱ्याच पुरुष लेखकांनी मात्र बाईचा देह प्रतीक करून ठेवला. प्रतीकाला तपासणीची गरज नसते.

त्याहून वाईट गोष्ट आपल्या भाषणांत घडते. 'जात हा समाजाला झालेला कॅन्सर आहे' हे वाक्य आपण व्यासपीठावरून किती वेळा ऐकले असेल! अमेरिकन लेखिका सुझान सोंटाग यांनी १९७८ साली 'इलनेस ॲज मेटाफर' या पुस्तकात या सवयीवर नेमके बोट ठेवले. कर्करोगाला रूपक केले की तो असाध्य, लाजिरवाणा, मुळासकट उपटण्याची चीज होतो, आणि त्याचा भार शेवटी रुग्णावर पडतो. त्या स्वतः या रोगातून गेल्या होत्या. सभेत शेवटच्या रांगेत बसलेली, पदराखाली गाठ लपवलेली बाई आपले ते वाक्य ऐकते तेव्हा तिला काय वाटत असेल? जातीला जात म्हणावे. कर्करोगाला कर्करोग म्हणावे. दोघांवर उपाय आहेत आणि ते वेगळे आहेत.

ऑड्री लॉर्ड या काळ्या कवयित्रीचे 'द कॅन्सर जर्नल्स' १९८० साली आले. एक स्तन काढल्यावर त्यांनी कृत्रिम स्तन लावायला नकार दिला. त्या तशाच डॉक्टरकडे गेल्या, तेव्हा तेथील परिचारिकेने सुनावले की असे आल्याने दवाखान्याचे मनोधैर्य खचते. लॉर्ड यांनी यातून काढलेला निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. ज्या बाया या रोगातून गेल्या त्यांनी एकमेकींना दिसणे आवश्यक आहे. लपवल्यामुळे त्या एकेकट्या पडतात. नकाराचे साहित्य म्हणतात ते याहून वेगळे काय असते? ब्लॅक लिटरेचरविषयी आपण पुष्कळ लिहिले. हे पुस्तक मात्र आपल्या चर्चेत फारसे आले नाही.

७

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे भाकीत कोणत्या जातीचे?

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापाने कोणता रोग होतो याची यादी आहे. सोने चोरणाऱ्याची नखे खराब होतात, दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो. कर्मविपाकाचे हे शास्त्र रोगाचे कारण रोग्याच्याच गतजन्मात शोधते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात गतजन्माच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला आणि त्याचे मर्मही दाखवले: गरिबांच्या आणि दलितांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला व समाजाला टाळता यावी, हाच त्याचा उपयोग.

छायाचित्रातील जोखीम आणि कर्मविपाक एक नव्हेत. जोखीम मोजता येते, तपासता येते, खोटी ठरवता येते. कर्मविपाक यांपैकी काहीच करू देत नाही. म्हणून मी या शास्त्राच्या बाजूने आहे. परंतु जोखमीचा आकडा बाईच्या हातात देऊन जबाबदारी तिच्यावरच टाकली, तिच्या खाड्याचा, प्रवासाचा, पुढच्या तपासणीचा विचार केला नाही, तर उपयोग तोच होतो. "तुला सांगितले होते, तू आली नाहीस," असे म्हणायला व्यवस्था मोकळी. मग हा आकडा विज्ञानाच्या वेषातले प्राक्तनच.

यंत्राला नकार देणे हा आपला मार्ग नव्हे. गांधीवादावर टीका करताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली होती. दोष यंत्राचा नसून ते ज्या समाजरचनेत चालते तिचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. दुसरीकडे त्यांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत नोंदवून ठेवली आहे. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता, तिला बाहेर आणवली. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला. हात न लावता तपासणी झाली आणि ती बाई गेली. थर्मामीटर अचूक होते. यंत्राला विटाळ नसतो. यंत्र आणि बाई यांच्यामधल्या माणसांना असतो. मुंबईच्या चाचणीत हाताने रोग लवकर सापडला, हे या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्याचा अर्थ कळतो. आम्हाला चित्र हवे आणि हातही हवा.

म्हणून चळवळीने काही मागण्या स्पष्ट शब्दांत मांडाव्यात. आमच्या बायांची चित्रे यंत्राला शिकवायची असतील तर त्यांना समजेल अशा मराठीत विचारून घ्यावीत, आणि त्या चित्रांतून निघालेल्या ज्ञानाचा लाभ त्याच वस्तीत आधी द्यावा. जिथे पुढची तपासणी आणि उपचार यांची सोय ठरलेली नाही, तिथे गाडी आणू नये. अहवाल मराठीत असावा आणि तो हाती देताना समजावून सांगावा. २०१६ च्या मार्गदर्शिकेतील हाताच्या तपासणीचा हिशेब ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर येथील महापालिकांकडे प्रभागवार मागावा. माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला हवे. मराठीच्या वर्गात आपण पारिभाषिक शब्दांवर व्याख्याने देतो. अहवालातले दहा-पंधरा शब्द घ्यावेत, आरोग्यसेविकांबरोबर बसून त्यांचे वस्तीच्या मराठीत अर्थ लिहावेत, आणि तो एक कागद बुद्धविहाराच्या भिंतीवर, महिला मंडळात, महाविद्यालयाच्या फलकावर लावावा. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, पुन्हा जायचे, हे त्यात पहिल्या ओळीला असावे. याला अनुदान लागत नाही. एका सत्रात होण्यासारखे हे काम आहे.